साबणाच्या फेसातला शब्द

धाकटे,

तुला तोंडभर आशीर्वाद. मी खडखडीत आहे. गुडघ्यांचं तेवढं विचारू नकोस. तुझा खोकला थांबला का, की अजून औषध टाळतेस?

मी ज्यांची सेवा करते त्या म्हाताऱ्या मास्तरांची वाचा जाऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी मात्र रोज त्यांची दाढी करताना माझ्या वहीतले इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट घोकायची. हक्काचा श्रोता मिळाला होता ना!

काल ‘डाव्या हाताचा मळ’ला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना सांगत होते. “पीस ऑफ... पीस ऑफ...” पुढचं काही केल्या आठवेना. तेवढ्यात साबणाच्या फेसातून आवाज आला, “केक!”

वस्तरा हातातच राहिला. माझ्या ओरडण्याने त्यांची लेक धावत आली. मी पुन्हा विचारलं, “पीस ऑफ?”

“केक,” म्हणाले, आणि वरून वर्गात पोरांवर वटारावेत तसे डोळे वटारले. बापलेक रडली. मी काय मागे राहते होय!

आता मी मुद्दाम अर्धंच म्हणते, उरलेलं ते पुरं करतात. आज पाच वाक्प्रचार झाले.

“या वयात इंग्रजी शिकून काय दिवे लावणार आहेस?” मी इकडे कामाला निघताना तूच म्हणालीस ना? लावला गं बाई एक!

तुझीच,
थोरली