हर्षल पुण्यात नाय

हर्षल,

टेंपो घेऊन कुंभिवलीला चाललोय, जेवायच्या टायमाला येतो. आई नेरळला मामाकडे गेलीय. वालाचं बिरडं गॅसवर हाय, गरम करून घे. भाकऱ्या डब्यात हायेत.

तू ती जपानी कार्टूनची सिरीयल सारखी बघतोस ना, काल ताईने मला फोनवर लावून दिली. मला वाटायचं, पंचवीस वर्षांचा घोडा झाला तरी कार्टून बघतोय. त्यातला पोरगा खोलीतून बाहेर पडत नाय आणि घरचे शेजाऱ्यांना सांगतात, तो परगावी असतो. पुढं माझ्याच्यानं बघवलं नाय.

तुझी नोकरी सुटली तेव्हा मीपण सगळ्यांना सांगितलं, पोरगा पुण्यातच हाय. म्हटलं, महिन्याभरात लागेल कुठंतरी. दीड वर्ष झालं रं. कुणी आलं की तुझ्या चपला मी पलंगाखाली सारतो. बाहेर येत नाय म्हणून तुझ्यावरच ओरडलो, पण तू येणार कसा?

रविवारी आत्या बसली होती, तेव्हा तू खोकलास आणि मधेच दाबलास. मी म्हटलं, शेजारचे अण्णा असतील.

आज पहिला आत्याकडेच जाऊन खरं काय ते सांगतो. शिव्या घालेल, घालू दे. संध्याकाळी ती येईल बहुतेक. तू बाहेर नाय आलास तरी चालेल. चपला दारात ठेवल्यात.

खोकला आला तर मोकळा खोक.

बाबा