तुझ्या पाटावर एकच वडा

प्रिय सागर,

आज पितृपंधरवड्यातला तुझा महाळ झाला. दुपारचे तीन वाजलेत, दुकानाचं शटर अजून खाली आहे आणि मी शिलाई मशीनवर वही ठेवून तुला लिहितोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हात कामाला लागायचेच नाहीत. गड्या, आज मी तुझ्या पाटावर पितर म्हणून जेवायला बसलो आणि एकच वडा खाल्ला! एकच! बसतोय का विश्वास?

तुझा कसा बसेल? तू गेलास तेव्हा माझी कंबर बेचाळीस होती. आता सदतीस आहे! दर सोमवारी उपाशीपोटी, श्वास आत न ओढता, दोनदा मोजतो. टेप माझाच, कंबरही माझीच. फसवायचं कुणाला?

चैत्रात डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, पोट कमी कर. घाबरून त्या दिवशी नुसत्या ताकावर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या गाड्यावर चार प्लेट भजी हाणली. मग एक युक्ती सापडली. चार वाजता समोरची कढई तापते. वास आला की मी पोटाला विचारतो, "सकाळची भाकरी चालंल का रं?" चालेल म्हणालं तर भूक. मग भाकरी खातो. भजीच पाहिजे म्हणालं तर ती नुसती हाव. मग शर्ट घेऊन हाताने बटणांची काजं करायला बसतो. सहावं काज होईपर्यंत हाव निघून जाते. कधी कधी नाहीच जात. मग एक भजं खातो, सावकाश, दुकानात बसून, आणि स्वतःला शिव्या देत नाही. हे शेवटचं जमायलाच दोन महिने लागले बघ!

पण तुझा महाळ जवळ आला तसा जीव घाबरा झाला. मागच्या दोन्ही महाळांना मी अकरा-अकरा वडे खाल्ले होते. तू खायचास तेवढे. काकी दारापर्यंत पोचवायला यायच्या आणि म्हणायच्या, "माझा सागर पोटभर जेवला." तुझ्या आईला यंदा नाही कसं म्हणायचं?

आज पानात सगळं होतं. खीर, कढी, अळूवडी, गवार, वडे. थोडं थोडं सगळं खाल्लं. काकी वड्यांची परात घेऊन आल्या आणि मी पानावर हात आडवा धरला.

"घे की रं, महेशा. लाजतुयास व्हय?"

"बास झालं, काकी. पोट कमी कराय लागलोय. डाक्टरनं सांगितलंय."

त्यांचा हात तिथेच थांबला. "म्हंजी माझं पोरगं माझ्या हातचं खाऊनच जिवानं गेलं, आसं म्हणतुयास?"

सागर, तुला आठवतं ना? त्या शेवटच्या संध्याकाळी भज्यांच्या गाड्यावर तू म्हणालास, "छातीत लय जळजळाय लागलंय." मी काय केलं? सोड्याची बाटली आणून दिली. तू ढेकर दिलास, आपण हसलो, आणखी एक प्लेट मागवली. घरी जाताना दवाखान्यावरूनच गेलो की रे! आत डॉक्टर बसलेले दिसत होते. तू तरी का म्हणाला नाहीस, आत जाऊया? आणि मी तरी? सकाळी तू नव्हतास.

हे मी तीन वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो. आज तुझ्या पाटावर बसून काकींना सगळं सांगितलं. "तुमच्या हातच्या जेवणानं न्हाई, काकी. मी त्येला सोडा पाजला."

त्या परात घेऊन खालीच बसल्या. मला वाटलं, आता ऊठ म्हणतील. परात बाजूला सरकवून म्हणाल्या, "येडी. दोगं बी येडी." पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसल्या, "फुडच्या वर्साला बी तूच बसायचंस! मेलेल्याच्या पाटावर बसाय माणूस जित्ता लागतो. कढी घे. कढीनं काय हुतंय?"

मी हसलो. त्याही हसल्या! तू गेल्यापासून पहिल्यांदा!

हात धुताना त्या तांब्यातून पाणी घालत होत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला बी चढाला लय दम लागतुया. वय झालं म्हणायचं."

"कवापासनं?"

"झालं की दोन म्हयनं. कुणाला सांगत बसायचं?"

तर सागर, शब्द देतो. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने काकींना पाटणहून कराडला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन जातो. त्या नको म्हणतील, म्हशीचं कोण बघणार म्हणतील, चिडतील. मी दारातून हलणार नाही. या वेळी आत जाणार, आणि त्यांना तपासल्याशिवाय बाहेर येणार नाही.

तुझाच,
महेश