कार्डांवरची तिरकी रेघ

आप्पा, आई गेली त्याला आज सव्वा महिना झाला. शेवटचे दिवस ती निपाणीला माझ्याजवळच होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, तर मधेच चमचा हातानं बाजूला सारून ती म्हणाली, "तुझ्या आप्पांच्या हातनं ती कार्डं पडली, ते त्यास्नी मरंस्तवर सललं बघ. तू मात्र नंतर एका शब्दानं टोचलं न्हाईस. तुझं मन मोठं." मी तिचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही, आणि त्याच आठवड्यात ती गेली. खरं काय झालं होतं हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आता ज्यांना सांगायचं तीही माणसं उरली नाहीत. गेले महिनाभर मला जेवण जात नाही, वर्गात उभं राहिलं की शब्द सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात.

आपण तेव्हा बेळगावात, उद्यमबागेच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलून उचलून तुमची पाठ गेली होती, आणि मला कॉलेजला घालायचं म्हणून तुम्ही तिथलं सगळं सोडून फाउंड्रीत लागलात. चार वर्षांत तुम्ही मोल्डर झालात. वाळूचा साचा करायचा, वरची पेटी खालच्या पेटीवर बसवायची, आणि मग त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. तुमच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. तुम्हाला आकडे यायचे, सही यायची, अक्षरं येत नव्हती. आपल्या विहाराच्या गल्लीतून डिग्री कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि तुम्ही हे कुणाला सांगायचा नाहीत, पण कामावरून आलात की हात धुतल्याशिवाय माझ्या वहीला हात लावायचा नाहीत, त्यावरून मला कळायचं.

शेवटच्या वर्षाला गणिताबरोबर कंप्यूटर सायन्सचा नवा पेपर आला होता. पेपर होता, पण कॉलेजात कंप्यूटर नव्हता. तो हुबळीला. आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचा, मग कॉलेजातल्या एकुलत्या एक मशीनवर बसून एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उतरवायची. एक ओळ, एक कार्ड. सगळी कार्डं क्रमानं खोक्यात भरायची आणि दर शुक्रवारी कॉलेजचा शिपाई ते खोके बसनं हुबळीला पोचवायचा. मंगळवारी कार्डांबरोबर कागद छापून परत यायचे. उत्तर बरोबर आलं तर तो कागद जर्नलला चिकटवायचा. एक भोक चुकलं असलं तर कागदावर उत्तराऐवजी चूक छापून यायची, मग दुरुस्त करून पुन्हा पुढचा शुक्रवार. अशा पाच असाइनमेंट पुऱ्या केल्याशिवाय सर जर्नलवर सही करत नसत, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येत नसे.

माझ्या चार झाल्या होत्या. पाचवी राहिली होती, समीकरणं सोडवायची, दोनशेच्या वर कार्डं. मशीनवर नंबर लागता लागेना, आणि शेवटच्या शुक्रवारी शिपाई निघून गेला तरी माझी पंधरा-वीस कार्डं राहिलेलीच होती. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत तुमचं तुम्ही तिथं पोचवा. त्यानंतर मी घेणार नाही." शनिवारी मी कार्डं पुरी केली, पण सोमवारी माझी फिजिक्सची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती सोडून हुबळीला जाणार कशी? मी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. तुम्ही जेवत होतात.

"मी जातो की," तुम्ही म्हणालात. "सुट्टी टाकतो. खोका न्यायचा, द्यायचा, यायचं. त्यात काय हाय?"

"तुम्हाला तिथलं काय कळणार आप्पा? कन्नडमध्ये बोलतात सगळे."

"मला कन्नड येतंय गं. तुझ्यापेक्षा बरं येतंय."

रविवारी तुमच्यासमोरच मी कार्डं बुटांच्या खोक्यात भरली. सरांनी शिकवलं होतं तसं सगळ्या कार्डांच्या वरच्या कडेवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं तर प्रत्येक कार्डावर शेवटी क्रमांकही टोचायला हवा होता, पण तेवढा वेळ मशीनवर मिळाला नव्हता. तुम्ही विचारलंत, "ही रेघ कशाला?" मी म्हणाले, "असते तशी." समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

सोमवारी तुम्ही परत आलात तेव्हा दिवेलागण झाली होती. तुम्ही चप्पल काढून दारातच उभे. आई पाणी घेऊन आली ते तुम्ही घेतलं नाहीत. मला आजही तुम्ही तसेच दिसता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, त्याच्या पुढच्या बाजूला धूळ.

"धारवाडच्या स्टँडवर बस बदलताना गर्दीत सुतळी तुटली," तुम्ही म्हणालात. "खोका पडला. कार्डं पसरली. पण एकबी हरवू दिलं न्हाय. कोपऱ्यात बसून सगळी परत लावली. दोन तास लागले. मग न्हेऊन दिली."

"कशी लावली?"

"त्या रेघंवरनं. प्रत्येक कार्डावर पेन्सिलीचा ठिपका हाय न्हवं, त्यो फुडं फुडं सरकत जातोय. ठिपक्याला ठिपका जुळवत ग्येलो. आमच्यात पेट्या जुळवायला अशीच रेघ मारत्यात."

त्यानंतर मी जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "रेघ जुळवून प्रोग्राम लागतो व्हय? तो काय तुमच्या फाउंड्रीतला साचा हाय? एक कार्ड इकडचं तिकडं झालं तरी सगळं बाद. माझं वरीस घालवलंसा तुम्ही. अडाणी माणसाच्या हातात द्यायलाच नको होतं मी." आई म्हणाली, "त्यास्नी काय बोलतीस गं?" तुम्ही तिला हातानं थांबवलंत. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. वर्ष जाणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. काकांनी माझ्यासाठी निपाणीचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं. परीक्षा झाली की बघू, असं तुम्ही त्यांना थोपवून धरलं होतंत. परीक्षाच नाही झाली तर थोपवायला तुमच्याकडं काही उरणार नव्हतं.

माझी कार्डं उशिरा पोचली होती, म्हणून बुधवारी शिपायानं माझा कागद आणून दिला. मी जिन्याखाली उभी राहून उघडला. उत्तर नव्हतं. चूक छापून आली होती. पण आप्पा, त्या कागदावर उत्तराच्या आधी अख्खा प्रोग्राम छापून येतो, कार्डं ज्या क्रमानं मशीनमध्ये गेली त्याच क्रमानं. मी बोट ठेवून ठेवून वाचला. माझ्या वहीशी ताडून पाहिला, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. एकही कार्ड इकडचं तिकडं नव्हतं. धारवाडच्या स्टँडवर, माणसांच्या पायांत बसून, एक अक्षर वाचता येत नसताना तुम्ही दोनशेच्या वर कार्डं जशीच्या तशी लावली होती. चूक एका ओळीत होती. शून्याच्या जागी मी इंग्रजीतला ओ टोचला होता. शनिवारी, घाईत, मी स्वतः.

मी तो कागद चौघडी करून पिशवीत घातला. घरी जाऊन तुमच्या पाया पडायचं ठरवलं होतं, हे मी तुम्हाला पटावं म्हणून सांगत नाही, तसं खरंच ठरवलं होतं. कागद दाखवायला सरांच्या खोलीकडं निघाले तर दारात तुम्ही. फाउंड्रीतले काळे कपडे, डोक्याला टॉवेल. अर्ध्या पाळीतून निघून आला होतात. मला पाहून तुम्ही थांबला नाहीत. सरळ आत गेलात, टॉवेल काढून हातात घेतलात.

"साहेब, मी तिचा बाप. कार्डं माझ्या हातनं पडली. उलटीपालटी झाली. पोरीची काय बी चूक न्हाय. शिक्षा द्यायची तर मला द्या, पण तिचं वरीस वाचवा."

सरांनी तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही बसला नाहीत. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "असं झालं का?"

कागद माझ्या पिशवीत होता, आप्पा. मी मान हलवली. सर म्हणाले, "मग हा विद्यार्थ्याचा दोष नाही. शुक्रवारी पुन्हा पाठवा. तुमच्यापुरती मी एक आठवड्याची सवलत देतो." तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडं बघून हसलात, अगदी थोडं, बघू की नको अशा नजरेनं. आणि कामावर परत गेलात. मी मशीनवर बसून एक कार्ड बदललं. एकच. पुढच्या मंगळवारी उत्तर बरोबर आलं.

माझ्याच बाकावर उचगावची एक मुलगी बसायची. तिचाही शेवटचा कागद असाच चुकून आला होता, एक स्वल्पविराम राहिला म्हणून. ती सरांकडं गेली तेव्हा सर म्हणाले, "तुमची चूक तुमचीच आहे, मी काय करू?" तिला परीक्षेला बसता आलं नाही. जूनमध्ये तिचं लग्न झालं. पत्रिका द्यायला ती आपल्या घरी आली होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "शिक्षण सोडू नगंस बाळ." मी आत चहा करत होते. चहा उतू गेला तरी मी बाहेर आले नाही.

मी पास झाले, पुढं शिकले, निपाणीच्या कॉलेजात लागले, मग तिथं कंप्यूटरही आला. पण तुम्ही बदललात. माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावेनासे झालात. वही जमिनीवर पडली तर आईला हाक मारायचात, "तेवढं उचल गं, माझ्या हातनं नगं." मी प्रत्येक वेळी मनात म्हणायची, आज सांगू. आज तुम्ही थकून आलात, आज पाहुणे आहेत, आज तुम्ही खुशीत आहात, आता कशाला. मग तुमची छाती धरली. फाउंड्रीतली वाळू इतकी वर्षं तुमच्या आत जात होती. सिव्हिल हॉस्पिटलात तुम्ही उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचात, आडवं झालं की श्वास लागायचा.

तिथंच एकदा तुम्ही माझा हात धरलात. शेजारची खाट रिकामी होती, आई डबा आणायला गेली होती. तुम्ही म्हणालात, "त्या कार्डांचं मनातनं काढून टाकलंस न्हवं?"

त्याहून सोपी वेळ मला कुणी दिली नसती. मी काय म्हणाले ठाऊक आहे ना? "असू दे आप्पा. झालं ते झालं. मी कधीच विसरले ते." मी तुम्हाला माफ केलं. तुम्ही डोळे मिटलेत आणि किती तरी वेळ माझा हात थोपटत राहिलात, जणू मीच तुमच्यावर उपकार केले होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी रडले ते सगळं लोकांना बापासाठीचं वाटलं. ते तुमच्यासाठी नव्हतंच. मला माझी किळस येत होती आणि ती धुऊन जात नव्हती. अजून जात नाही. कागद बरीच वर्षं माझ्या ट्रंकेत होता. घर बदलताना मी तो शोधला नाही, आणि हरवला असं समजून सुटल्यासारखं वाटलं.

का बोलले नाही, याचं उत्तर मी आईची पेज ढवळताना शोधत होते, आणि आता हे लिहितानाही शोधते आहे. आधी वर्ष जाईल म्हणून भ्याले. पण वर्ष तर मिळालं. नंतर कशाला भ्याले? मला वाटतं, तुमच्या डोळ्यांत मी जी होते ती मला तशीच राहायला हवी होती, आणि त्यासाठी तुम्ही स्वतःच्या नजरेतून उतरलात तरी मला चाललं. यापेक्षा बरं कारण माझ्याकडं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. आपल्या घरात कुणाचंही पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायची. तुम्ही भिंतीला टेकून ऐकायचात, आणि एखादी ओळ आवडली की म्हणायचात, "परत वाच की तेवढं." हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं तर तेही मलाच वाचावं लागलं असतं. आणि आप्पा, खरं सांगते, त्या जिन्याखालच्या कागदापर्यंत आल्यावर मी एक पान न वाचताच उलटून पुढचं वाचलं असतं.