दक्षिणेचे दार उघडे राहील

मी, इंदूबाई शेषराव तेलगोटे, वय चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, सार्वजनिक बांधकाम खात्यातील निवृत्त अनुरेखक, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, कोणाच्या धाकाने तर मुळीच नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते कधी फिरते आणि कोणावर फिरते हे घरच्यांना चांगले माहीत आहे. पण आज सकाळी चहा घेऊन शांतपणे लिहायला बसले आहे आणि तसे डॉक्टरांनीही तपासून लिहून दिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सवडच मिळाली नाही.

१) माझे वारस : माझे पती शेषराव, बार्शीटाकळीच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, अकरा वर्षांपूर्वी वारले. मुलगा प्रीतम अमरावतीला असतो. त्याचा सौर पंपांचा धंदा आहे. मुलगी दीक्षा माझ्याजवळ राहते. प्रीतमची मुलगी खुशी ही माझी एकुलती एक नात. या तिघांवर माझा सारखाच जीव आहे. वाटण्या मात्र सारख्या नाहीत, आणि त्याचे कारण पुढे येईल.

२) मिळकतीचे वर्णन : जुन्या शहरातील, सेठ हरकचंद यांची कोठी म्हणून ओळखली जाणारी, काळ्या दगडाच्या जोत्याची, मेळघाटच्या सागवानाची दुमजली इमारत, मधल्या चौकासह. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस गल्ली. पश्चिमेस देवीदासभाऊंचे घर. उत्तरेस पिठाची गिरणी. दक्षिणेस नदीकाठचा मोकळा उतार आणि त्यावरून येणारा वारा. ही मिळकत माझी व शेषरावांची स्वकष्टार्जित असून त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावे आहे. तिच्यावर कोणाचा बोजा नाही.

३) पूर्वीचे मालक : वकीलबाई म्हणाल्या, एवढा इतिहास मृत्युपत्रात लागत नाही. मला लागतो. तो वाचल्याशिवाय माझ्या अटी कोणाला कळायच्या नाहीत.

कोठी बांधली सेठ हरकचंद यांनी, कापसाला सोन्याचा भाव होता तेव्हा. मुख्य दार त्यांनी दक्षिणेला ठेवले. बांधणारा मिस्त्री शहाणा होता. आपल्याकडे भर उन्हाळ्यात ऊन डोक्यावरून जाते, दक्षिणेच्या दारात उतरत नाही. आणि नदीचा वारा त्याच अंगाने येतो. वारा दारातून शिरायचा, दिवाणखाना ओलांडून चौकात यायचा आणि गरम हवा वर घेऊन जायचा. वर्षभर सगळे सुखात होते. मग सेठजींचा धाकटा भाऊ तापाने गेला. कोणीतरी सांगितले, दक्षिण ही यमाची दिशा, यम दारातून येतो. सेठजींनी दार विटांनी चिणून टाकले आणि गल्लीकडे नवे दार पाडले. पुढे कापूस गडगडला, तेव्हा कोठी विकावी लागली. कापूस जगभर गडगडला होता, पण बोल लागला तो दाराला.

दुसरे मालक त्र्यंबकराव वकील. मोठा हुशार माणूस, कोर्टात साक्षीदाराला घाम फोडायचे. घरात मात्र स्वतःलाच घाम फुटायचा. त्यांना कोणी सांगितले की उघड्या चौकातून लक्ष्मी उडून जाते. त्यांनी चौकावर टिनाचे पत्रे ठोकले. मेच्या दुपारी पक्षकार येईनासे झाले. पोरे आपसात भांडली आणि कोठी पुन्हा विकायला निघाली.

तिसरे चंदनराव कंत्राटदार. त्यांच्या सल्लागाराने भिंतींवरचे झरोके पाहिले आणि हे घराचे डोळे आहेत, घराला नजर याच डोळ्यांतून लागते, असा शोध लावला. चंदनरावांनी ते सिमेंटने बुजवले आणि खोलीखोलीत कूलर बसवले. कूलर चालू असूनही कोठी तापलेल्या तव्यासारखी झाली. चंदनराव हृदयविकाराने गेले, पोरे बंगला बांधून निघून गेली, आणि मागे राहिल्या त्यांच्या पत्नी गोदाबाई, एकट्या.

अशा रीतीने एकेकाने एकेक वाट बंद केली आणि घराला अपशकुनी ठरवून मोकळा झाला. घर कोणाला बुडवत नाही. घराला फक्त श्वास घेऊ द्यावा लागतो.

४) पायऱ्यांविषयी : दक्षिणेचे दार चिणले, पण बाहेरच्या दगडी पायऱ्या तशाच राहिल्या होत्या. दिमाखात वर चढायच्या आणि थेट भिंतीला जाऊन धडकायच्या. त्या पायऱ्या मी प्रथम पाहिल्या त्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. आम्ही भाड्याची खोली शोधत होतो. देवीदासभाऊंच्या दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. त्यांनी पाणी विचारले, नोकरी विचारली, सरकारी आहे म्हटल्यावर खूश झाले. मग आडनाव विचारले.

“अरे अरे,” ते म्हणाले, “खोली तं आत्ताच गेली ना भाऊ. पाटी काढाचीच राहिली.”

त्या खोलीत पुढे वर्षभर त्यांच्या घरचे पापड वाळत होते. मी कामावर जाता-येता पाहत होते.

आम्ही दोघे बाहेर पडलो आणि उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून त्याच पायऱ्यांवर बसलो. शेषरावांनी खिशातले फुटाणे काढले. ते एकेक फुटाणा दाताखाली कडाकडा फोडत बसले. मी मागे वळून भिंतीकडे पाहिले आणि म्हटले, “याहीचं दार कुठं गेलं?” शेषराव म्हणाले, “भेलं असन कोनाले.” दारच कोणाला तरी भ्याले, या कल्पनेने इतका वेळ राग दाबून धरलेला माणूस खो-खो हसला. त्या दिवशी मी मनात म्हटले, ही कोठी मी घेणार आणि हे दार मी उघडणार. वेड्यासारखेच होते ते, पण म्हटले खरे.

५) खरेदी : ती संधी यायला बरीच वर्षे गेली. गोदाबाईंना कोठी विकायची होती आणि गिऱ्हाईक टिकत नव्हते. कोणी यायचे ते घाम पुसत निघून जायचे. बाकीचे दिशेचे नाव ऐकूनच गल्लीत फिरकायचे नाहीत. भाव पडत पडत दोन सरकारी पगारांच्या आवाक्यात आला. व्यवहार ठरला त्या दिवशी गोदाबाईंनी माझा हात धरला.

“बाई, घर तं घेऊन राहिली तू, पण त्या दक्षिणेच्या दाराले हात नोको लावजो. तीन घरं बुडाले त्याच्यापायी.”

मी विचारले, “काकू, दार तं सेठजीच्या टायमापासून बंद हाये. मंग बाकीचे दोन कशानं बुडाले?”

म्हातारीने बोटांवर घरे मोजून पाहिली. मग म्हणाली, “हे तं मले कोनी सांगतलंच नाई.”

आमच्या गृहप्रवेशाच्या दिवशी आम्ही आधी दार फोडले, मग वंदना घेतली. पत्रे उतरवले, झरोके मोकळे केले. संध्याकाळी वारा आत आला तेव्हा चौकातल्या पताका एकदम फडफडल्या आणि शेषराव लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले. गोदाबाईंना मी मुद्दाम बोलावले होते. त्या दिवाणखान्यात मधोमध बसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “येवढे वर्षं मी भट्टीत काहून राहिली मंग?” त्या पुढे जिवंत असेपर्यंत दर उन्हाळ्यात माझ्याकडे महिनाभर राहायला येत. त्या कोठीत त्यांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस आम्हीच त्यांना दाखवले, याचा मला आजही अभिमान आहे.

६) गेल्या उन्हाळ्याची घटना : मार्चमध्ये मला हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले आणि गाडीतून उतरताच सिमेंटचा वास आला. पाहते तो काय, दक्षिणेच्या दारात नवी कोरी भिंत! दीक्षा दवाखान्यात माझ्या उशाशी असताना प्रीतमने ती बांधून घेतली होती. ज्याच्या आज्याने छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन येऊन घरातले देव आणि घरातली भीती एकाच दिवशी मोरना नदीत सोडली, त्याचा हा नातू!

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. प्रीतमने माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली. शेवटी म्हणाला, “आई, तू आयसीयूत होती. मले काई सुचूनच नाई राहिलं. एकानं सांगतलं दाराचं, मी लगेच मिस्त्री लावला. तुले काई झालं असतं तं मी काय केलं असतं वो?”

हे ऐकले तेव्हा माझा राग उतरला. भीती अशीच घरात येते, मायेचा हात धरून. सेठजींनाही भावाची मायाच होती. पण राग उतरला म्हणून भिंत ठेवायची असे होत नाही. मी हातोडी मागवली. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती, म्हणून पहिला घाव तेवढा मी घातला. पुढचे मला बघायला आलेल्या खुशीने हातात घेतले. दीक्षा दिवाणखान्यात चालवते त्या अभ्यासिकेतल्या मुली पुस्तके मिटून धावत आल्या, चौकापर्यंत रांग लागली आणि विटा हातोहात मागे जाऊ लागल्या. एक वीट प्रीतमच्या पायाशी आली. मग त्याने बाह्या वर केल्या आणि रांगेत उभा राहिला. शेवटची वीट निघाली आणि वारा आत आला. टेबलांवरचे सगळे कागद उडाले, मुली ओरडत त्यांच्यामागे धावल्या. मी पायरीवर बसून मनसोक्त हसले.

७) कोठीची व्यवस्था : वर वर्णन केलेली कोठी माझ्या पश्चात माझी मुलगी दीक्षा हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. दिवाणखान्यात ती मुलींसाठी अभ्यासिका चालवते. तिथे बसून शिकलेल्या मुली आज तलाठी आहेत, परिचारिका आहेत. एक फौजदार झाली आहे आणि आली की गल्ली चिडीचूप होते. ज्या गल्लीत मला खोली मिळाली नाही, त्या गल्लीत आता बार्शीटाकळीच्या आणि परतवाड्याच्या मुली माझ्या घराचा पत्ता विचारत येतात. अभ्यासिका चालू राहावी. दक्षिणेचे दार, चौक आणि झरोके कोणत्याही कारणाने बंद करू नयेत. कारण सांगायला कोणी आलेच, तर त्याला हे मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवावे.

८) बँकेतील ठेवी कोठीच्या देखभालीसाठी दीक्षाकडे राहतील. रक्कम लिहीत नाही. बँकेला ती माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत असण्याची गरज नाही.

९) माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनांचा डबा खुशीला. ती अमरावतीला वास्तुरचनेचे शिक्षण घेते आणि सगळे संगणकावर काढते. काढू दे. पण या कोठीचा नकाशा तिने एकदा हाताने काढून दिवाणखान्यात लावावा, आणि त्यात वाऱ्याची वाट बाणाने दाखवावी. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे गिरवले. माझ्या घराचा नकाशा माझ्या नातीच्या हातचा असावा.

१०) शेषरावांची पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. समासात त्यांनी लिहिलेले शेरे कोणी खोडू नयेत, चुकीचे असले तरी.

११) आमचे शेजारी देवीदासभाऊ यांना आरामखुर्ची. दार उघडल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात ते दुपारी आले आणि म्हणाले, “वयनी, तुमच्याइथं हवा काहून येते वो येवढी?” मी म्हटले, “दार उघडं हाये म्हनून.” तेव्हापासून ते रोज दुपारी त्या खुर्चीत झोपतात, घोरतात आणि उठल्यावर चहाची वाट पाहतात. माझ्यानंतरही त्यांना येऊ द्यावे. मात्र दारात थांबवून रोज एकदा त्यांना आडनाव विचारावे, आणि मग आदराने आत घ्यावे.

१२) चिरंजीव प्रीतम यास : तुला घरात हिस्सा नाही, आणि तो का नाही हे तू स्वतःच मला सांगितलेस : “दीक्षालेच दे आई, माह्यानं पुन्हा भेल्या जाईन.” एवढे खरे बोलायला मोठी छाती लागते. तुझ्या भिंतीच्या विटा मी फेकल्या नाहीत. चौकात रचून ठेवल्या आहेत. त्या तुला देते. त्यांचा दक्षिणेच्या दाराबाहेर, पायऱ्यांच्या कडेला एक ओटा बांध, तुझ्या हाताने. उन्हातान्हात खोली शोधत हिंडणारे कोणी जोडपे आले, तर त्याला बसायला जागा हवी. तू आलास की तूही तिथे बसत जा.

१३) शेवटचे : माझ्या अंत्यविधीत त्रिशरण-पंचशील व्हावे, भाषणे होऊ नयेत. मला गल्लीच्या दाराने नेऊ नये. त्या भिंतीला धडकणाऱ्या पायऱ्यांवर मी बाहेरची म्हणून बसले होते आणि दार फोडून मालकीण म्हणून आत आले. त्याच दाराने, त्याच पायऱ्यांवरून मला खांद्यावर घेऊन उतरा. पुढच्या बाजूला प्रीतम असावा. यम त्या दाराने येतो म्हणतात, तर येऊ दे बिचाऱ्याला. दार उघडल्यापासून या घरात येऊन कोणी घाम पुसत परत गेलेले नाही. आणि मला बाहेर काढले की घाबरून दार लावायला कोणी धावू नका. माझ्यामागे ते उघडेच राहू द्या.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी राग कमी केला आणि खालील साक्षीदारांसमक्ष सही केली. देवीदासभाऊंनाही साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसू नये, असे वकीलबाईंनी सांगितले. त्यांनी थोडा विचार करून खुर्ची निवडली.

सही : इंदूबाई शेषराव तेलगोटे

साक्षीदार :
१. डॉ. नीलम खंडारे, अकोला (सही)
२. श्री. रोहित वाकोडे, शिक्षक, बार्शीटाकळी (सही)

स्थळ : दिवाणखाना, दक्षिणेच्या दाराजवळ, जुने शहर, अकोला
दिनांक : १८ मे २०२५. बाहेर ऊन रणरणते आहे. आत कागदांवर वजन ठेवून लिहावे लागले.