समासात खोडलेलं

दोहा, गुरुवार दुपार

प्रिय अलिना,

आज सकाळपासून तू माझ्याशी दोनच वाक्यं बोललीस. चहा हवा का, आणि एसी कमी करू का. मी दोन्हींना नको म्हणालो आणि मग विचार करत बसलो, की ही एवढंच का बोलली, हिला काही कळलंय का. दप्तर भरताना तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हाही तेच वाटलं. तू कदाचित घड्याळ बघत असशील, ते माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर आहे. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दारावरची बेल एकदाच वाजली तरी दुसऱ्यांदा का नाही वाजवली, असं मला वाटतं. त्यातून रविवार जवळ आला. रविवारी तुमच्या रिफत मॅडम ठरवणार, की तुझ्या मैत्रिणीला, समीनाला, वर्गात ठेवायचं की साध्या वर्गात पाठवायचं. मला त्या दिवसाची तुझ्याहून जास्त भीती वाटते आहे.

तुझ्या त्या ऑनर्स लिटरेचरच्या वर्गाबद्दल माझ्या मनात पहिल्यापासूनच शंका होती. सप्टेंबरातली गोष्ट. तुझी अम्मी सायरा लुसैलला क्लिनिकमध्ये गेली होती, तुझे अब्बा मुशैरिबला ऑफिसात, खाली बस हॉर्न देत होती, आणि तू दोन पानी कागद माझ्यापुढे धरलास. मॅडमच्या विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा आहेत ते त्यात लिहिलंय, घरच्या मोठ्या माणसाची सही हवी, म्हणालीस. मी म्हटलं, वाचून दाखव. तू भराभर सांगितलंस. रोज पंचवीस पानं वाचायची. फोन आणायचा नाही. दुसऱ्याचं उतरवायचं नाही, मशीनला विचारायचं नाही. उशिरा दिलेलं काम घेणार नाहीत. पहिलंच पान संपलं होतं, तोवर बसने पुन्हा हॉर्न दिला आणि तू म्हणालीस, "यल्ला नाना, लवकर, बाकी सेम आहे." मी दुसऱ्या पानाखाली सही केली.

माझा हात थांबला होता, तुला कदाचित आठवत असेल. फार वर्षांपूर्वी मी इथेच इंडस्ट्रियल एरियात एका गोदामात स्टोअरकीपर होतो. तेव्हा असाच एक कागद पुढे आला, अरबीत. सगळे करत होते म्हणून मीही सही केली. त्यात लिहिलं होतं की यंदाची सुट्टी मी घेतली. मी घेतली नव्हती. तुझी अम्मी तेव्हा दापोलीला चालायला शिकत होती. पुढच्या वर्षी मी घरी पोचलो, तर ती मला बघून तुझ्या नानीच्या मागे लपली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. तेव्हापासून न वाचलेला कागद माझ्या डोक्यात खडा होऊन बसतो. तुझा कागदही बसला. पोरांकडून एवढं मागणारी बाई बदल्यात काय काढून घेणार, हे मला समजत नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. हा शब्द चांगला नाही, पण तोच खरा आहे. तू ती जाड कादंबरी घेऊन खिडकीशी बसायचीस, हातात पेन्सिल. वाचता वाचता हसायचीस, पुस्तकातच काहीतरी लिहायचीस, आणि मी जवळ आलो की पान उलटायचीस. आठवड्यातले काही दिवस पुस्तक घरात नसायचंच. कुठे आहे विचारलं तर म्हणायचीस, समीनाकडे. समीना मला माहीत होती. तिचे वडील तुमच्याच शाळेची बस चालवतात, मंडणगडकडचे. ती तीन वर्षांपूर्वी इथे आली, आठवीपर्यंत मराठी शाळेत होती, आणि तरी तुमच्या त्या बावीस जणांत निवडली गेली. सायरा तिचं कौतुक करायची. मला मात्र वाटायचं, ही मुलगी बोलताना खाली का बघते.

मागच्या शुक्रवारी तुम्ही सगळे बाहेर गेलात. मी गुडघ्याचं निमित्त केलं. गुडघा खरंच दुखत होता, पण तेवढा नाही. तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि मी ते पुस्तक उघडलं. एकही समास कोरा नव्हता. रेघा, बाण, प्रश्नचिन्हं, बारीक अक्षरात ओळीच्या ओळी. आमच्या शाळेत पुस्तकं मागून येणाऱ्या वर्गाला द्यायची असत. मे महिन्यात आम्ही पोरं ओट्यावर बसून पेन्सिलीची प्रत्येक खूण रबराने काढायचो, आणि गुरुजी पान उजेडात धरून बघायचे. ज्याच्या पुस्तकात खूण सापडे त्याला छडी. तुझं ते पुस्तक पाहून माझे हात पुन्हा त्या छडीसाठी तयार झाले. तुझ्या कंपासमधला रबर घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुपारी असरची अजान होईपर्यंत मी दोनशे ऐंशी पानं खोडली. एकही पान चुरगळू दिलं नाही. रबराचा भुगा कागदात गोळा करून टाकला. पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि मला वाटलं, पोरीला बोलणी बसण्यापासून वाचवलं.

रविवारी तू घरी आलीस ते रडतच. तेव्हा मला दुसरं पान कळलं. पुस्तकाच्या समासात लिहायचं, मनात आलेलं खरं लिहायचं, मग पुस्तक जोडीदाराला द्यायचं, त्याने त्याच समासात उत्तर लिहायचं. दोन महिन्यांच्या त्या लिहिण्यावरच निम्मे मार्क. मॅडमनी पुस्तक उघडलं तर आत काही नाही. गुरुवारी ते समीनाकडून आलं होतं, आणि तू शाळेत न्यायच्या आधी उघडून पाहिलं नव्हतंस. तू म्हणालीस, तिनेच केलं असणार, तिची उत्तरं माझ्याएवढी चांगली नव्हती म्हणून. सायराने मला विचारलं, बाबा, तुम्ही कुणाला पुस्तक हाताळताना पाहिलं का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी कशाला बघू? पण ती मुलगी मला कधीच सरळ वाटली नाही."

खोडलेलं पुन्हा लिहिता येईल. पण माझं ते वाक्य मी कसं खोडणार? दुसऱ्या दिवशी तू तेच मॅडमना सांगितलंस. माझ्याच शब्दांत सांगितलंस, हे तुझ्या फोनवरच्या बोलण्यावरून मला कळलं.

मंगळवारी समीना दारात आली होती, तुला हे ठाऊक नाही. तू क्लासला गेली होतीस. मी दार अर्धंच उघडलं. ती आत आली नाही. म्हणाली, "नाना, तिला एवढंच सांगा, माझंपण सगळं त्यातच होतं." मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. त्या वेळी तिने वर माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, हिला माहीत आहे. माहीत असून ती गप्प आहे. अजून वाटतं.

आता जे राहिलं ते. पुस्तक खराब होतं म्हणून खोडलं, असं मी वर लिहिलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरं नाही. दोन वेगवेगळी अक्षरं बघून मला आधी वाटलं, कुणी मुलगा आहे. खोडायला बसलो ते या संशयाने. मग एका पानावर मला एक शब्द वाचता आला. इंग्रजी मला येत नाही, पण माझ्या औषधांच्या डब्यावर सायराने मोठ्या इंग्रजी अक्षरांत जे लिहून चिकटवलंय, तेवढं मी ओळखतो. नाना. पुढच्या पानावर पुन्हा. मी मोजले, अकरा वेळा. ती गोष्ट एका म्हाताऱ्याची आहे, एवढं तू मला सांगितलं होतंस. घरातल्या सगळ्यांवर संशय घेणारा म्हातारा. त्याच्या शेजारी माझं नाव, आणि खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर. पुस्तक समीनाकडे जायचं, म्हणजे ते तिचंच. बाहेरची मुलगी माझ्याबद्दल काय लिहीत होती कोण जाणे. मुलीच्या आणि जावयाच्या घरात राहणाऱ्या माणसाला असलं फार लागतं, अलिना. तिथून पुढे मी छडीच्या भीतीने खोडत नव्हतो. जोर लावून खोडत होतो.

तुला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. हे मी तोंडाने सांगू शकलो असतो. तीन दिवस प्रयत्न केला, दर वेळी चहा नको म्हणून उठलो. तुझे अम्मी-अब्बा वाचून दाखवू शकतात, पण पत्र हातात देताना मी तुला तोंडाने एवढंच सांगणार आहे, आधी त्यांच्याकडे नेऊ नकोस, आज हे पत्र घेऊन समीनाकडे जा. तिच्याशी तू बोलत नाहीस, तरी तुला तिच्यासमोर बसावं लागेल आणि तिला हे मोठ्याने वाचावं लागेल, म्हणून मी ते मराठीत लिहिलं. समीना, बेटी, हे तूच वाचते आहेस. माझं ते वाक्य तुला तुझ्याच तोंडाने वाचावं लागलं, त्याची मी माफी मागतो. रविवारी तुझ्या वडिलांच्या बसमध्ये मला एक जागा द्यायला सांग. मॅडमना माझी सही दाखवून मी सांगेन की दुसऱ्या पानाचा नियम कुणी मोडला. सायराला आणि जावईबापूंना मी त्याआधी, उद्या नमाजनंतर सांगणार आहे. पुढे त्यांनी मला दापोलीला पाठवायचं ठरवलं तर तेही ठीक. तुम्ही दोघी ते समास पुन्हा लिहायला घ्या. माझ्या नावाजवळ जे होतं, तेच लिहा. मी हे पत्र लिहिलं म्हणून त्यातलं काही गोड करू नका. केलंत तर मला कळेल.

तुझाच, आणि हे वाचून दाखवणारीचा गुन्हेगार,
नाना