मधलं सांगू नकोस

आई, आज मी बाजारात बसले नाही. अंगात ताप नाही, सणवार नाही, बंदरावर मासळी भरपूर आलीय म्हणतात, तरी घरी बसून तुला लिहितेय. माझं लिहिणं चौथीपर्यंतचं, चुका काढू नकोस. तुझी नात काल नवऱ्याला घेऊन पुण्याला गेली. तुझा आजार तिच्या रक्तात आलाय की नाही, ते आज सकाळी तिला कळायचं होतं. आता दुपार झाली, म्हणजे कळलं असणार. तिच्यात निघाला असेल तर तो माझ्यातूनच गेलेला, म्हणजे माझ्यातही आहे. नसेल तर ती सुटली, माझं मात्र तसंच लटकत राहिलं. एवढी साधी गोष्ट, पण लेकीला ती मला परत परत सांगावी लागली. कान ऐकत होते, डोकं आत घेत नव्हतं.

तुझ्या आजाराला नाव आहे हे तुला कुठं माहीत! आम्हालाही नव्हतं. गणपतीच्या आधी बंदरावरून येताना तू पहिल्यांदा झोकांडी खाल्लीस. डोक्यावरच्या पाटीला कधी हात न लावणारी बाई तू, मान ताठ ठेवून दोन्ही हात मोकळे सोडून चालायचीस, आणि त्या दिवशी सगळे बांगडे रस्त्यावर. मागून येणारी एक म्हणाली, "सकाळीच घेतलीन वाटतं हिनं." मी तेव्हा विशीची, तिच्या अंगावर धावून गेले. पण पुढे तू रोजच झोकांड्या खायला लागलीस, किती जणींच्या अंगावर धावणार? मग ताट वाजलं तरी तुझं अंग उडायला लागलं. मग एक दिवस चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत विचारलंस, "तू कुणाची गो?" मी म्हटलं, "तुझीच." तू म्हणालीस, "असेल बाबा." शिमग्याला तू नव्हतीस.

मामा तुला कौल लावायला देवळात घेऊन जातो, तो दिवस मला अजून दिसतो. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर तू बरी होणार, डावीकडची पडली तर नाही. मामा हात जोडून गाऱ्हाणं घालतो. सगळ्यांच्या नजरा त्या पाकळ्यांवर, कुणी खोकतसुद्धा नाही. आणि तू, जिला दोन पावलं सरळ टाकता येत नाहीत, ती उठतेस, देवापर्यंत जातेस आणि हात फिरवून सगळ्या पाकळ्या पुसून टाकतेस. "नको मला ऐकायला," म्हणतेस. गुरव ओरडतो, "बाय, काय केलंस हे!" मामा कपाळावर हात मारून घेतो. "गेली ही," म्हणतो, "डोक्यानं पुरी गेली." मलाही तेव्हा तेच वाटलं. आता वाटतं, त्या सगळ्या महिन्यांत तेवढं एकच तू शुद्धीत बोललीस.

मामा गेल्या वर्षी गेला. तसाच. आधी पाय, मग अंग उडणं, मग माणसं विसरणं. त्याच्या मुलानं त्याला मुंबईला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी कसलं कसलं पाणी पाठीतून काढलं, रक्त तपासलं, आणि त्यातून आमच्या घराचा पत्ता लागला पुण्याच्या एका बाईंना. त्या याचाच शोध घेतात. तशा डॉक्टरच, पण औषध देणाऱ्या नव्हेत. त्या इथं आल्या तेव्हा मी सौंदाळ्यांची खवलं काढत होते. चप्पल दाराबाहेर काढून सरळ माझ्यासमोर पाटावर बसल्या. म्हणाल्या, हा आजार प्रोटीनचा आहे. मी म्हटलं, "मासळीत असतं ते? हे बाजारात बोलू नका हां, माझं गिऱ्हाईक पळेल." त्या हसल्या नाहीत, घाईनं म्हणाल्या, "नाही नाही, मासळीचा काही संबंध नाही, हे आपल्या मेंदूतलं, आपलंच." मग दोरीवरचा माझा पंचा काढून त्याची घडी घालून दाखवली. प्रत्येकाच्या डोक्यात हे प्रोटीन असतं म्हणे, घडी नीट असेल तोवर निमूट आपलं काम करतं. पण आपल्या घरात ते बनतानाच थोडं वेगळं बनतं. पुढे कधीतरी एकाची घडी चुकते, ते शेजारच्याला आपल्यासारखं वाकडं करतं, ते त्याच्या शेजारच्याला. मी म्हटलं, "म्हणजे भावकीच की." तेव्हा मात्र त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, म्हातारपणी माणसं विसरतात तो अल्झायमर, त्यातली प्रोटीनं वेगळी, पण तीही थोडीफार असंच करतात असं दिसतंय. ती वर्षानुवर्षं सावकाश चालतात. आमच्या घरातलं धावत येतं.

मी विचारलं, "औषध हाय?"

"नाही. अजून नाही."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

बाई म्हणाल्या, उंदरांवर काम चाललंय. मला रागच आला. "माझ्या आईचा आजार उंदरांना देता?" त्या म्हणाल्या, "हो, देतो." खोटं बोलल्या नाहीत, म्हणून त्यांना जेवायला थांबवून घेतलं. जेवता जेवता सांगत होत्या, उंदराच्या पिंजऱ्यात संध्याकाळी कापूस ठेवतात. चांगला उंदीर रात्रीत तो कुरतडून घरटं करतो. आजार चढायला लागला की कापूस तसाच राहतो आणि उंदीर त्याच्या शेजारी उघड्यावर निजतो. चालण्यात अजून काही दिसत नसतं, पण त्यावरून कळतं. आई, तू पाटी पाडलीस त्याच्या कितीतरी आधी अंथरूण पसरायचं सोडलं होतंस. वळकटी भिंतीला लावलेली आणि तू तिच्याशेजारी गार जमिनीवर, पाय पोटाशी घेऊन. मला वाटायचं, दमलीय.

जाताना बाई म्हणाल्या, रक्त दिलं तरी निकाल ऐकलाच पाहिजे असं नाही, न ऐकण्याचाही तुम्हाला हक्क आहे. मी म्हटलं, मला नकोच. विषय तिथंच संपला असता, पण तुझी नात. ती लोट्याला कंपनीत आहे, लॅबमध्ये. सुट्टीला आली आणि नारळ खवता खवता म्हणाली, "आई, मला मूल हवंय. पण आधी हे कळायला हवं."

"मी तुला जन्माला घातलं तेव्हा कुणाला विचारायला गेले होते?"

"तुला माहीत नव्हतं. मला माहीत आहे."

"माहीत करून घ्यायला सांगितलंन कुणी? असलं तर काय करणार, रोज आरशात बघत बसणार?"

"माझ्यात असलं तरी मूल बिनआजाराचं होईल असे उपाय आहेत आता. पण त्याला आधी नक्की कळावं लागतं." मग खवणी बाजूला सारून म्हणाली, "माझा निकाल वाईट आला तर तुझाही त्यातच कळणार. म्हणून विचारतेय. रक्त मागेच देऊन आलेय, पण तू नको म्हणालीस तर निकाल घ्यायला नाही जाणार."

हे असं बोलायला कुठं शिकली कोण जाणे. भांडली असती तर मी जिंकले असते. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. भांडी आपटली, जावयाला उगाच टोचून बोलले. काल निघायच्या वेळी तिच्या पिशवीत सुके बोंबील भरताना म्हटलं, "जा. कर काय ते. पण तुझा निकाल तुझ्यापाशी ठेव. पोचलीस की फोन कर, परत यायला बस मिळाली की फोन कर. मधलं सांगू नकोस." ती बरं म्हणाली. माझ्या पाया पडली, तर मी तिला झिडकारलं, परीक्षेला चाललीयस का म्हणून.

आणि आता माझी मीच अडकलेय. काल पोचल्याचा फोन आला. आता यायचा तो बस मिळाल्याचा. ती शब्दाची पक्की आहे, "आई, बस मिळाली" एवढंच म्हणेल. पण ती नुसतं "आई" म्हणाली तरी मला कळतं की जेवलीय की उपाशी आहे, नवऱ्याशी भांडून आलीय की रडून तोंड धुतलंय. लपवायला गेली तर आणखीच कळेल. हे तिला सांगताना माझ्या डोक्यात कसं नाही आलं? वाईट असेल तर तिला पहिली मीच हवी असणार, हेही मला ठाऊक आहे, आणि तिचं तोंड मीच बांधून पाठवलंय. सकाळपासून दोनदा चहा केला नि दोन्ही वेळा ओतून दिला. शेजारीण डोकावली, "काय गो, आज बाजार नाय?" म्हटलं, पाय दुखतो. पाय म्हटल्यावर ती माझ्या पायांकडे बघायला लागली. आमच्या घरचं सगळ्यांना माहीत आहे. तिला घालवून दार लावून घेतलं.

फोन वाजतोय. पडद्यावर तिचंच नाव आहे.

थांबला.

परत वाजतोय. हात भरलेले होते, मासळी साफ करत होते, म्हणून पहिला उचलला नाही, असं सांगेन तिला. आज घरात मासळीचा तुकडा नाही, आई. हात कोरडे आहेत.