पडद्याआडचे आम्ही तिघे

२ डिसेंबर १९३१, जालना
सिनेमाच्या मालकांनी मस्तगडजवळच्या खेळाच्या तंबूत बोलावलं. मुक्या चित्रांना पडद्याआडून आम्ही तिघे बोलतं करतो. मी नायक, नर्मदाबाई नायिका, करीमचाचा राक्षस, राजे आणि घोडेसुद्धा. मालक म्हणाले, हैद्राबादला जाऊन ग्रामोफोनच्या भोंग्यापुढं एकदाच बोला, तबकड्या भरून घेतो. रोजचा त्रास वाचेल तुमचा! केवढी ती काळजी. एकदा आवाज पेटीत गेला की आम्ही घरी. गावी, केदारखेड्याला जाऊन औत हाकायचं? मुळीच नाही.

३ डिसें.
सभेला सरकारी परवानगी लागते. म्हणून नर्मदाबाईंच्या ओसरीवर तालमीच्या नावाखाली बसलो. चाचा म्हणाले, "बोलू तर तिघं, न्हाई तर कोनीच न्हाई. भोंग्यापुढं तर बिलकुल न्हाई."
बाई हसल्या, "तुमचे घोडे पण धरले का यात?"
धरले.

६ डिसें.
भोंग्याला नकार कळवला. मालक लालबुंद. "युनियन काढून राह्यले का रे? तिघांची?"
"बराबर," चाचा म्हणाले. "घोडे धरून जास्त."
तिथंच काढून टाकलं आम्हाला. मुंबईच्या नटांच्या तबकड्या आणायला माणूस रवाना. रात्री जेवण गेलं नाही. पण मान खाली घातली नाही, बस.

२० डिसें.
तबकड्यांचा पहिला खेळ. आम्ही तंबूबाहेर. आवाज झकास, मानावंच लागेल.
मग पडद्यावरच्या राणीनं विषाचा पेला उचलला असावा. बायकांच्या बाजूनं हसनाबादची म्हातारी ओरडली, "बाई गं, पिऊ नको!" दर खेळाला ओरडते. आमच्या खेळात दर वेळी नर्मदाबाई पडद्याआडून विचारायच्या, "मंग काय करू, माय?" सगळा तंबू सल्ले द्यायचा, तेवढ्यात मी घोडा दामटत पोचायचो.
तबकडी आपली पुढंच बोलत गेली. म्हातारी पुन्हा ओरडली. मग बाकीच्या बाया, मग पुरुष. "राणी बोलत का न्हाई?" इकडं उत्तर निसटू नये म्हणून नर्मदाबाईंनी पदर तोंडात कोंबलेला, डोळे भरलेले.
मालक धावत बाहेर. "बाई, एवढं एक उत्तर द्या. जल्दी. तुमी एकट्याच या."
बाईंनी पदर काढला. "एकटी न्हाई. तबकड्या बंद करा, तिघं येतो."
मालक आत गेले.
हे तंबूच्या दोरीपाशी बसून, कंदिलाच्या उजेडात लिहितोय. आत तबकडी अजून चालू आहे. म्हातारीही. आम्ही जागचे हललेलो नाही.